त्या दिवशी माग चालू होता

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मी लेकीला पाळण्यात बसवायला घेऊन गेले होते. होम मैदानावर धुरळा उडत होता, भाजलेल्या शेंगांचा वास येत होता, आणि आम्ही दोघी पाळण्याच्या रांगेत उभ्या होतो. शेजारीच एका फिरत्या नाटक मंडळीची कनात होती. संध्याकाळचा पहिला खेळ चालू होता. कर्ण्यावर एका बाईचा आवाज आला.

"माग लाव."

पाठोपाठ खटक-खटक असा मागाचा आवाज. आत कुणीतरी फळीवर लाकडं आपटत असणार. पुढचं वाक्य काय येणार हे मला ठाऊक होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. आणि ते आलंच.

"ओरडू दे तिला. भर दुपारचं कोण ऐकतंय."

त्यावर कनातीतले लोक खदाखदा हसले. का हसले ते मला बाहेरून कळलं नाही. लेक पदर ओढत म्हणाली, "आई, आपला नंबर आला." मी तिला पाळण्यात बसवलं आणि खाली उभी राहिले. पाळणा वर जायचा, ती हात हलवायची, आणि मी आजूबाजूला आमच्या गल्लीतलं कुणी आहे का ते बघत होते.

तेव्हा मी एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. शहराच्या पूर्व भागात दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहत होतो. गल्लीत घरोघरी यंत्रमाग. सकाळपासून खडखडाट चालायचा, इतका की कुणाचा माग चालू आणि कुणाचा बंद हे बाहेरून कळायचं नाही. आमच्या समोरचं घर गल्लीतलं सगळ्यात मोठं. पुढं मागांची शेड, मध्ये राहतं घर, मागं परस. परसात एक आड, आणि आडाला लागून एक खोली, तिथं एकच जुना माग.

त्या घरातली धाकटी सून आदल्या उन्हाळ्यात आडात पडून गेली. ती केमकडची होती. नळावर पाणी भरताना कधीतरी बोलायची, तेवढीच आमची ओळख. मला दोनदा तिनं एकच विचारलं होतं, "बाई, केमची गाडी किती वाजता असती?" माझे यजमान रेल्वेत, म्हणून मला माहीत असणार असं तिला वाटलं असावं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गमतीनं म्हटलं, "माहेरची आठवण आली वाटतं." ती हसली नाही. घागर उचलून निघून गेली.

ती गेली तेव्हा मी सुट्टीत माहेरी होते. परत आल्यावर कळलं ते गल्लीला सांगण्यात आलं होतं तेवढंच. त्या दिवशी कामगारांची सुट्टी होती, घरातले सगळे माग बंद होते, जेवून सगळे आडवे झाले होते, घरात शांतता होती. पाणी शेंदताना पाय घसरला असावा. ओरडली असती तर ऐकू आलं असतं. ओरडलीच नाही. फौजदारानं तसंच लिहून घेतलं आणि पुढं कुणी काही विचारलं नाही.

माझ्या डोक्यातून मात्र ती जाईना. पावसाळ्यात मी एक गोष्ट लिहिली. गाव बदललं, माणसांची नावं बदलली. पण आड तोच, आणि त्याशेजारची खोलीही तीच. गोष्टीतली सून आडात पडते, कडेचा दगड धरून हाका मारते, आणि सासू आपल्या मुलाला सांगते, माग लाव. म्हणजे हाका बाहेर जायच्या नाहीत. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. मी मनानं लिहिलं होतं. त्या गल्लीत राहून एवढ्या आवाजाचा दुसरा काय उपयोग होऊ शकतो, असा विचार कधीतरी मनात आला होता, तो कागदावर उतरला.

यजमानांनी वाचून कागद खाली ठेवले. "चांगली आहे," म्हणाले, "पण पाठवू नको."

मी पाठवली. टोपणनावानं. परगावाहून निघणाऱ्या एका लहानशा दिवाळी अंकात ती आली. सोलापुरात तो अंक कोण वाचतंय, असं मी मनाला समजावलं होतं. आता ती कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिकीट काढून खेळ बघून आलो. लोक का हसले तेही कळलं. मंडळींनी त्यात एक विनोदी गडी घातला होता. सासू 'माग लाव' म्हणाली की तो गडी धोतर सावरत मागावर चढायचा आणि पडायचा. आणि आडात पडायच्या आधी त्या सुनेला त्यांनी नाचवलं होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला नळावरची ती पोर आठवली आणि मी पदर तोंडावर घेऊन बसून राहिले. यजमान कानाशी म्हणाले, "चल इथनं. कुणी बघेल."

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वकील होते. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. मला वाटत होतं, ते पहिल्यांदा विचारतील की गोष्टीची कुठं नोंदणी केली होती का, आणि मी नाही म्हटलं की मला परत पाठवतील.

"नोंदणी लागत नाही," ते म्हणाले. "तुम्ही ती लिहून काढलीत त्या क्षणी तिचा हक्क तुमचा झाला."

"पण मी ती अंकाला दिली."

"छापायला दिलीत. हक्क लिहून दिलात का? कशावर सही केलीत?"

"नाही."

"मग अंकवाल्याला एकदा छापायची मुभा होती, बस्स. नाटक करायची परवानगी तो कुणाला देऊ शकत नाही. दिली असेल तर ती त्याची नव्हतीच." मग त्यांनी चष्मा काढला. "आता मला एक सांगा. ही घटना खरी घडली आहे का?"

मी पिशवीचे बंद चाळवत बसले. त्यांनी त्यावरून काय ते ओळखलं असावं.

"विचारतो अशासाठी, की घडलेल्या घटनेवर कुणाची मालकी नसते. एक बाई आडात पडली, यावर उद्या दहा जण नाटक लिहितील आणि ते गुन्हेगार ठरणार नाहीत. कल्पनेवरही मालकी नसते. मालकी असते ती सांगण्यावर. तुमची वाक्यं, तुमची मांडणी, तुम्ही जे रचलंत ते. त्यांच्या नाटकात तुमचं नेमकं काय आहे?"

"माग," मी म्हणाले. "तो मी रचला. आणि बोलणं जवळजवळ सगळं माझं आहे, शब्दाला शब्द."

"मग तुमची बाजू भक्कम आहे. आणि त्यांनी गोष्टीची जी मोडतोड केलीय, तिलाही तुम्ही हरकत घेऊ शकता. टोपणनावानंसुद्धा हक्क तुमचाच राहतो. मात्र तो मागायचा असेल तर पुढं येऊन सांगावं लागेल, की ते टोपणनाव म्हणजे मी."

मी पायाखालच्या फरशीकडे बघत होते. ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हेही सांगतो. गोष्ट माझी म्हणालात, की तिच्यातलं सगळंच तुमचं. कुणाची अब्रू गेली म्हणून कुणी उठला, तर तो त्या नटांकडे जाणार नाही. तुमच्याकडे येईल."

घरी जाताना मी आमच्या गल्लीत नेहमीच्या बाजूनं शिरले नाही. मागच्या बोळातून गेले.

तरी दोन दिवसांनी आम्ही मंडळीच्या मॅनेजरला गाठलं. यजमानांना यायचं नव्हतं, पण मला एकटीला सोडायचंही नव्हतं. दुपारची वेळ होती. कनातीच्या मागं चूल पेटली होती, नाचणारी पोरगी भांडी घासत होती. मॅनेजर बनियनवर खाटेवर बसला होता.

"ही गोष्ट माझी आहे," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं नाहीत."

तो रागावला नाही. "बाई, गोष्ट काय कुणाच्या बापाची असती व्हय? ऐकली, लोकास्नी सांगितली."

"ऐकली नाही, छापील वाचलीत. माझी वाक्यं आहेत."

"त्या अंकात तुमचं नाव हाय का? दाखवा."

नाव नव्हतं. मी टोपणनावाचं सांगितलं, माझं खरं नाव आणि शाळाही सांगितली. तो हसून म्हणाला, "असं तर मीबी म्हणंन की, ते माझंच नाव हाय म्हणून." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "दहा-बारा पोटं हायत माझ्यामागं. गड्डा संपला की आमी वैरागला जातो. सोडून द्या की."

मी सोडूनच दिलं असतं. परत येताना मी यजमानांना तसं म्हणालेही. मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्याला मी लेखिका वाटले नव्हते, म्हणजे मी कुणीच नव्हते, आणि तेच बरं होतं.

पण त्याच आठवड्यात समोरच्या घरातला कोणी कामगार तो खेळ बघून आला आणि त्यानं घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या खेळाला त्या घरातला थोरला भाऊ स्वतः जाऊन बसला. हा गेलेल्या सुनेचा थोरला दीर, सगळा कारखाना तोच बघायचा. आमच्या शाळेला दरवर्षी देणगी द्यायचा. खेळ संपल्यावर तो आत गेला आणि त्यानं मॅनेजरला विचारलं, हे कुणी लिहिलं?

परवापर्यंत गोष्ट माझी न मानणाऱ्या त्या मॅनेजरनं लगेच सांगितलं, आमचं काही नाही मालक, एक शाळेतल्या बाई आहेत, गोष्ट त्यांची आहे, त्या स्वतः येऊन सांगून गेल्या. हे मला त्यानंच सांगितलं. शाळेच्या फाटकाशी तो उभा होता, आत यायला कचरत. "नाव सांगावं लागलं, बाई," म्हणाला. "तो माणूस बरा न्हाय. आमी खेळ बंद केला. तुमी बी जरा जपून ऱ्हावा."

त्यानंतर मी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. फळ्यावर मी एकच ओळ दोनदा लिहिली आणि एका मुलीनं ती दाखवली, एवढं आठवतं.

रविवारी दुपारी तो आला. एकटाच. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, हातात कागदांची गुंडाळी. यजमानांनी खुर्ची पुढं केली. मी लेकीला शेजारच्यांकडे पाठवलं. समोरची शेड चालू होती, त्यामुळं त्याला आवाज चढवून बोलावं लागत होतं, आणि चढलेल्या आवाजातही तो अदबीनं बोलत होता.

"बाई, बसा की तुम्हीपण. गोष्ट चांगली लिहिलीय. मी आणवून वाचली."

मी भिंतीला टेकून उभीच राहिले.

"मला ती विकत पाहिजे," तो म्हणाला. "वकिलाकडनं कागद करून आणलाय. गोष्टीचे सगळे हक्क, कायमचे. आकड्याची जागा रिकामी सोडलीय. तुम्ही म्हणाल तो आकडा."

"विकत घेऊन काय करणार?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा विचारलं.

"काय करायचंय? ठेवून देणार. घरातली गोष्ट घरात राहील."

यजमानांनी कागद घेतला आणि वाचल्यासारखं केलं. तो उठला. चपला घालता घालता मागं वळला आणि मघापेक्षा हळू, अगदी जवळ येऊन, मला म्हणाला, "एक विचारतो. त्या दिवशी माग चालू होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला आधी त्या प्रश्नातलं काही कळलंच नाही. "कुणी नाही," मी म्हणाले. "मी मनानं लिहिलं."

"मनानं?"

"हो."

"मनानं असं कसं लिहिता येईल?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. त्या भीतीनं मला सगळं सांगितलं. मी डोळे खाली घेतले, पण उशीर झाला होता. मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

"उद्या माणूस पाठवतो," तो म्हणाला. "सही करून ठेवा."

तो गेला. यजमान दारातच उभे होते. "कर सही," ते म्हणाले. "आपल्याला पोर आहे. ती समोरनं शाळेला जाते."

"त्यानं मला काय विचारलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणूनच म्हणतो."

त्यांचं चुकत नव्हतं. तेही घाबरले होते, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्यासाठी. तरी मी तो कागद पिशवीत घातला आणि तशीच वकिलांकडे गेले. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"चोख आहे," म्हणाले. "ही सही झाली की गोष्ट त्याची. मग तुम्हालासुद्धा ती कुठं छापता येणार नाही, पुस्तकात घेता येणार नाही. छापलीत तर तो तुमच्यावरच दावा लावेल."

"आणि नाही केली तर?"

"तर ती तुमचीच. तुमच्या सहीच्या लेखी कागदाशिवाय हक्क कुणाकडे जात नाही. मागून जात नाही, दमदाटीनं जात नाही. एवढं कायद्याचं मला सांगता येतं." त्यांनी कागद परत दिला. "तुम्ही घाबरला आहात, त्यावर माझ्याकडे सल्ला नाही, बाई. मला मुली आहेत."

मी त्या दिवशी काही ठरवलं असं नाही. सकाळी त्याचा माणूस दारात आला तेव्हा मी कणीक मळत होते. कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. तो आणताना त्याला माझी कणकेची बोटं लागली. मी तो तसाच बिनसहीचा त्याच्या हातात दिला.

"मालकांना सांगा, विकायची नाही."

"येवढंच सांगू?"

"एवढंच."

एवढं बोलून मी आत आले आणि उरलेली कणीक मळायला घेतली. यजमान आतून सगळं ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी लेकीला स्वतः शाळेत सोडलं आणि दुपारी स्वतः आणलं, आणि कामावर जाऊन रेल्वेच्या क्वार्टरसाठी अर्ज केला.

पुढचे महिने कसे काढले ते नीट सांगता येणार नाही, कारण तसं काहीच घडलं नाही. आमच्या दारासमोर त्याचे दोन कामगार बिड्या ओढत बसायचे, ते पूर्वीही बसत असतील. दूधवाल्यानं दूध घालायचं बंद केलं. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून, माझ्याकडे न बघता, "तुम्ही लिहिता असं कळलं," म्हटलं, आणि पुढचं बोलायचं टाळलं. शेजारणी नळावर मला आधी पाणी भरू द्यायच्या, म्हणजे मी लवकर निघून जाईन. लेक पाच मिनिटं उशिरा आली तर मी चौकापर्यंत पळत जायची. आडाचं तर मला इतकं भय बसलं होतं, की शाळेच्या आवारातल्या बुजवलेल्या आडाजवळूनही मी जात नसे. गल्लीतल्या खडखडाटात मी कान लावून बसायची, कुणी ओरडतंय का म्हणून.

उन्हाळ्यात सोलापूरजवळच होटगीला क्वार्टर मिळालं. आम्ही सामान एका टेम्पोत घालून गेलो. शाळेला मी गाडीनं जा-ये करू लागले. होटगीला मागाचा आवाज नव्हता, मालगाड्यांचा होता. त्यात झोप यायला लागली.

तिथं एक दिवस दुपारी एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. पायात धूळ, काखेत पिशवी. केमहून सोलापूर, तिथून विचारत विचारत शाळा, आणि शाळेतून होटगी, अशी ती आली होती. मी पाणी दिलं. ती पाणी न पिता म्हणाली, "माझ्या लेकीवर नाटक निघालं हुतं म्हनं. वैरागच्या बाजारात एकानं सांगितलं. तुमीच लिवलं का ते?"

मला दार लावून घ्यावंसं वाटलं. "नाटक मी नाही लिहिलं," मी म्हणाले. "गोष्ट मी लिहिली."

"मंग ती वाचा की. मला कुटं वाचाया येतंय."

मी अंक काढला आणि तिच्यासमोर बसून वाचला. ती मान खाली घालून ऐकत होती. मागाचा प्रसंगही मी सगळा वाचला. संपल्यावर तिनं विचारलं, "ह्ये माग लावल्याचं खरं हाय का?"

यजमान कामावर होते. मला कुणाला विचारता येणार नव्हतं. खरं नाही म्हटलं असतं तर ती उठून गाडीनं परत गेली असती, आणि मीही सुटले असते.

"मी ते मनानं लिहिलं," मी म्हणाले. "मला काही ठाऊक नव्हतं. पण तिचा थोरला दीर माझ्या घरी आला होता. त्यानं मला विचारलं, त्या दिवशी माग चालू होता हे तुम्हाला कुणी सांगितलं."

पाण्याचा तांब्या उचलून म्हातारी सगळं पाणी प्यायली.

नंतर ती आपल्या भावाला घेऊन फौजदाराकडे जाऊन आली. त्यानं ऐकून घेतलं आणि गोष्टीवरून तपास होत नसतो म्हणून सांगितलं. मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी गेले असते का, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. समोरच्या घरावर काही आलं नाही. धाकट्याचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, दुसरं लग्न झालं.

त्या दुपारी निघताना मात्र ती मला म्हणाली, "गोष्टीत तिचं नाव येगळंच हाय."

"बदलावं लागतं, आजी."

"व्हय. आन तुमचंबी येगळंच. दोनीबी नावं खोटी." तिनं पिशवी काखेला मारली. "तिचं न्हाई तर न्हाई, तुमचं तरी खरं घाला. कुनीतरी लिवलं म्हणून कळंल."

बऱ्याच वर्षांनी माझ्या कथांचं पुस्तक निघालं. त्यात ती गोष्ट मी घेतली. कुणाला विचारावं लागलं नाही, ती माझीच होती. वेष्टनावर माझं खरं नाव होतं. प्रकाशकाकडून पुस्तकांचं पुडकं आलं त्या दिवशी यजमान गावाला गेले होते आणि लेक सासरी होती. मी पुडकं आत घेतलं, दाराला कडी घातली, आणि मग दोरी सोडली.